आळी, पाखाडी, पाट, वठार: किनाऱ्याकिनाऱ्याने सहा दिवस

ट्रिपचं निमित्त म्हणजे लाइट बिल. बहिणीचा मुलगा डिसेंबरात यॉर्कहून आला होता, तिकडेच वाढलेला, मराठी बोलतो छान पण वाचतो अडखळत. टेबलावरचं बिल उचलून पत्ता वाचायला लागला आणि म्हणाला, मामा तू अळीत राहतोस? अळी म्हणजे तो किडा ना? बायको हसून हसून बेजार. मग त्याला आळी सांगितली, नाका सांगितला, वाडी सांगितली. त्याने विचारलं यात फरक काय, तेव्हा माझी दांडी उडाली. ठाण्यात जन्म गेला, खारकर आळी, जांभळी नाका, टेंभी नाका रोज तोंडात, पण आळी कुठे संपते आणि गल्ली कुठे सुरू होते ते मला कुठे माहीत. कोकण किनारा तसाही करायचा होताच. म्हटलं चल, दाखवतोच तुला.

त्याच्या यॉर्कमधेही गंमतच आहे म्हणे. तिथे रस्त्याला 'गेट' म्हणतात, स्टोनगेट, कॉपरगेट वगैरे, कारण व्हायकिंग लोकांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता. मग गावाच्या खऱ्या वेशीला काय म्हणतात? तर बार. आणि जिथे दारू मिळते तो पब. एक रस्ता तर व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट नावाचा, गावातला सगळ्यात छोटा, नाव म्हणून होईपर्यंत रस्ता संपतो. हे सगळं त्याने वडखळच्या ट्रॅफिकमधे सांगितलं, वेळ भरपूर होता.

दिवस १: अलिबाग

अलिबागला लोक बीचवर जातात, आम्ही आधी इस्रायल आळीत गेलो. इथे मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं. भाच्याचा विश्वासच बसेना की मराठी गावात आळीचं नाव इस्रायल आणि तेही असं सहज, शेजारी ब्राह्मण आळी असावी तसं (ब्राह्मण आळी पण आहेच अलिबागमधे). कोपऱ्यावरच्या दुकानातले एक काका पान लावता लावता म्हणाले, अरे हे लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना, आणि आडनावं बघ सगळी आपलीच, नागावकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहिमकर. आता बरेचसे इस्रायलला गेले, आळी राहिली. अलिबाग हे नावच अली नावाच्या एका श्रीमंत बेने इस्रायलीच्या बागांवरून आलं असंही सांगतात.

आळी म्हणजे काय हे इथे डोळ्यांनी दिसलं. दोन्ही बाजूंनी घरं रस्त्याला तोंड करून, ओटीवर बसलं की समोरच्या ओटीवरच्याशी आवाज न चढवता बोलता येईल एवढंच अंतर, आणि बहुतेक एका व्यवसायाचे किंवा एका जातीचे लोक. कासार आळी, तेली आळी, सुतार आळी. गल्ली नुसती जाण्यायेण्याची, आळीत माणसं राहतात, असा फरक बायकोने काढला. मला पटला.

बरं, पुढे गावात श्रीबाग. तेही श्रीबाग नंबर १, नंबर २ असे. भाचा म्हणाला नंबर टाकून बाग? म्हटलं असू दे, अमेरिकेत नंबर टाकून रस्ते असतात ना, आमच्या बागा असतात.

रात्री नागावला पोपटी. ज्यांच्याकडे राहिलो त्या ताईंनी मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ, परत वरून पाला दाबून मडकं उलटं ठेवलं आणि चहूबाजूंनी पेंढा-काटक्या पेटवल्या. पाणी एक थेंब नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज आला की झाली. शेंगांना तो पाल्याचा कडसर वास लागतो ना, त्याला तोड नाही. थंडीही मस्त पडली होती, शेकोटीपासून उठावंसं वाटेना.

टीप: पोपटी थंडीतच, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरतात तेव्हा. राहायला जाताय तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐनवेळी पाला मिळत नाही.

दिवस २: श्रीवर्धन

चौल, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला जेटी, तिथून फेरीने दिघी. जंजिरा लांबूनच बघितला, रांग बघून हिंमत झाली नाही. दिवेआगरला गणपतीचं दर्शन आणि दुपारी श्रीवर्धन.

इथे पहिल्यांदा 'पाखाडी' भेटली. म्हणजे शब्द ओळखीचा होता, कळव्याला खारेगाव पाखाडी आहे, अंधेरीला मरोळ पाखाडी आहे, पण मला आयुष्यभर वाटायचं हे काहीतरी आडनाव वगैरे असेल. श्रीवर्धनमधे विचारलं पेशवे स्मारक कुठे, तर उत्तर आलं पेशवे आळीत, आणि नारायण पाखाडी विचारली तर हात दुसरीकडे. म्हणजे एकाच गावात आळीही आणि पाखाडीही. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ इथला, एवढं शाळेत शिकलो होतो.

ज्या घरी उतरलो तिथल्या आजींना विचारलं, आजी पाखाडी म्हणजे काय हो? त्या सुपाऱ्या सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जांभ्याचे दगड बसवून केलेली वाट ती पाखाडी. पावसात चिखल होतो ना, म्हणून. आता वर डांबर आलं पण नाव कोण बदलणार?" मग जिथे अशी वाट तिथली सगळी वस्तीच पाखाडी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं) आणि पलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, भर दुपारी अंधारून आल्यासारखं. आमची गाडी आरामात गेली. भाच्याने वहीत लिहून घेतलं: पाखाडी, गाडी जाते.

हे वाक्य लक्षात ठेवा.

सुपारी घ्यायची असेल तर श्रीवर्धन रोठा मागा, तिचं नाव आहे. आजींनी ओली सुपारी फोडून दिली ती भाच्याने चॉकलेटसारखी तोंडात टाकली आणि पाच मिनिटं घाम पुसत ओटीवर बसून होता. आजी म्हणाल्या लागली, लागली, गूळ द्या त्याला.

दिवस ३: अंजर्ले ते गुहागर

बागमांडल्याहून फेरीने वेसवी, मग केळशी, मग अंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला वरपर्यंत गाडीरस्ता आहे हे मला माहीत होतं. पण गावात एकाला विचारलं तर तो म्हणाला "ही पाखाडी धरा, सरळ देवळात". भाच्याने वही काढली. पाखाडी, गाडी जाते. घातली गाडी.

शंभर पावलांवर पायऱ्या. जांभ्याच्या, सरळ डोंगरावर चढणाऱ्या. उजवीकडे एक बाई तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांनी शांतपणे कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "गाडी घेऊन देवळात जाताय?" रिव्हर्स घेताना दोन्ही बाजूला गडगे, घाम फुटला. मग गाडी खाली लावून चढलोच पाखाडी. पायऱ्या मोजायला घेतल्या होत्या, दम लागल्यावर नाद सोडला. पण वाट काय सुंदर आहे, मधेच झाडीतून खाडी आणि सुवर्णदुर्ग दिसतो, आणि जांभा पायाला असा खरखरीत की चप्पल सरकत नाही. शेकडो पावसाळे पायाखाली घेऊन झिजलेले दगड, मधे खोलगट झालेले, त्यात पिंपळाची पानं साठलेली. वहीत दुरुस्ती झाली: पाखाडी, आधी विचारा.

हर्णैला संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर मासळीचा लिलाव बघायला मिळाला असता, पण दाभोळची फेरी गाठायची होती. रस्त्याने एसटीच्या थांब्यांवर 'कोंड' दिसायला लागलं. दापोलीत काळकाईकोंड, तिकडे गुहागर तालुक्यात कोंडकारूळ. कोंड म्हणजे मुख्य गावापासून बाजूला असलेली वाडी-वस्ती. भाचा म्हणाला पुणेकर कोंडवाडा म्हणतात तो का? नाही रे बाबा, त्यात गुरं कोंडतात.

टीप: या फेऱ्यांवर सुट्टे पैसे ठेवा, रेंज कधी असते कधी नसते. शेवटची फेरी किती वाजता ते निघायच्या आधी कुणाला तरी फोन करून विचारा, चुकली तर वळसा घालून तीनचार तास जातात. आणि गाडी रिव्हर्स चढवायला सांगतात, नवशिक्याला स्टिअरिंग देऊ नका.

गुहागरला पोचलो तेव्हा अंधार. इथे आळी नाही, पाखाडी नाही, इथे पाट. वरचा पाट आणि खालचा पाट. मला वाटलं एक टेकडीवर असेल, एक खाली. तर गाव समुद्रालगत सपाट, पट्टीने रेघ मारल्यासारखं, एकच लांबच लांब रस्ता आणि दोन्हीकडे घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांच्या मागे वाडी, वाडीच्या मागे सुरूची झाडं, झाडांच्या मागे वाळू. वरचा पाट वर नाही आणि खालचा खाली नाही. खानावळीच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "वरचा तो वरचा हो. तुमच्या मुंबईत लोअर परळ खाली आहे का?" यावर काय बोलणार.

त्या काकूंकडे कुळथाचं पिठलं, मऊभात, वर तूप आणि पोह्याचा पापड. दुसऱ्या दिवशी सकाळी घावणं आणि नारळाची चटणी. मासे खायला आलेले आम्ही, पण या घरी शाकाहारी, आणि खरं सांगतो, एकदाही आठवण आली नाही. दुर्गादेवीचं देऊळ वरच्या पाटात आहे, सकाळी लवकर गेलो तर तळ्याच्या पायरीवर फक्त एक कुत्रं आणि आम्ही.

दिवस ४: रत्नागिरी

तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळ्यात नेहमीची गर्दी, बाहेरूनच हात जोडले.

रत्नागिरी म्हणजे या सगळ्या प्रकाराची राजधानी आहे असं माझं मत झालंय. वरची आळी, खालची आळी, राम आळी, तेली आळी, टिळक आळी (इथलं घर टिळकांचं जन्मस्थान, १८५६, आत छोटं प्रदर्शन आहे, जरूर बघा). मग पऱ्याची आळी. भाच्याला वाटलं परीची, फेअरी. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, त्या ओढ्याच्या काठची आळी. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग नाके: गोखले नाका, धनजी नाका. नाका म्हणजे जिथे पूर्वी जकात घ्यायला माणूस बसायचा ते ठिकाण, आता तिथे रिक्षावाले बसतात आणि त्यांचा दरही जकातीसारखाच असतो. वाडे आहेत, मिरकरवाडा, मुरुगवाडा, पण वाडा म्हणजे शनिवारवाडा नाही, वस्ती.

आणि मग वठार. खडपेवठार, घुडेवठार, चवंडेवठार, फगरवठार. हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एका रिक्षावाल्या मामांना विचारलं, ते म्हणाले, वठार म्हणजे आपला मोहल्लाच की. गोव्याकडे पण वाठार म्हणतात. मग त्यांनाच चेव आला. "बसा, दाखवतो", म्हणून आमची गाडी एका झाडाखाली लावायला लावली आणि तासभर फिरवलं. चढ, उतार, चिंचोळ्या वाटा, कौलारू घरं, त्यांच्यामधे घुसलेल्या चार मजली बिल्डिंगा. एका तिठ्यावर नगरपालिकेची निळी पाटी होती, कुठल्याशा नेत्याच्या नावाचा मार्ग. मामांना म्हटलं हा मार्ग कुठे जातो? "हा? माहीत नाय. पाटी लागली तेव्हापासून कोण नावाने विचारलं नाय." त्याच रस्त्याचं जुनं नाव त्यांनी एका सेकंदात सांगितलं, शेजारच्या भाजीवालीने पण सांगितलं आणि दोघांचं एकच.

मला या मार्ग-नगर-पथ प्रकरणाचा रागच येतो. मार्ग म्हटलं की ना उंची कळते, ना रुंदी, ना कोण राहतं. पऱ्याची आळी म्हटलं की पावसात तिथे गाडी लावायची नाही हे न सांगता कळतं.

पैसे देताना मामांनी सांगितलेल्यापेक्षा वीस रुपये कमीच घेतले. वर जकातीचा जोक मारलाय तो मागे घेतो.

संध्याकाळी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, राजवाडा १९१० मधे झाला आणि १९१६ मधे राजा गेला. मावळतीला तिथून खाडी बघताना भाचा बराच वेळ गप्प होता. नंतर कळलं भूक लागली होती.

दिवस ५: मालवणकडे, आणि अडकलो

हायवेवरून कणकवलीकडे जाताना 'तिठा' सुरू होतो. नांदगाव तिठा, झाराप तिठा. तीन वाटा मिळतात तो तिठा, चार मिळतात तो चव्हाटा. आपण 'चव्हाट्यावर आणलं' म्हणतो तोच, पण सिंधुदुर्गात चव्हाटा हा देवही असतो, त्याला नारळ देतात. तिठ्यावर वडापाव चांगला मिळतो हा माझा अनुभव, तीन बाजूंची गिऱ्हाइकं असल्यामुळे शिळा राहत नाही.

मालवणच्या अलीकडे एका वाडीत राहायचं होतं. मोबाइलवरचा नकाशा म्हणाला डावीकडे वळा, चारशे मीटर. वळलो. दोन्ही बाजूंनी गडगे, वर दोन्हीकडून आलेली झाडी, बोगद्यासारखं. कडेला एक आजोबा काठी टेकून उभे, त्यांनी हात केला, मी काच खाली केली.

"खयसून इलात?"

ठाण्याहून.

"फुडे पाणंद आसा. गाडी जावची नाय."

आता पाणंद म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. गावाची, गुराढोरांची, बैलगाडीची वाट. पण नकाशावर निळी रेघ सरळ दिसत होती, मागे वळायला जागा नव्हती आणि अंजर्ल्याच्या रिव्हर्सची धास्ती ताजी होती, म्हटलं जाईल हळूहळू. पन्नास फुटांवर डावा आरसा गडग्याला घासला, उजवीकडचं दार उघडेना, डावीकडचंही उघडेना. तिघंही आत. आजोबा मागून चालत आले, काचेतून वाकून बघितलं आणि म्हणाले, "सांगलंय नाय मी?"

मग वाडीतली पाचसहा पोरं आली. गडगा म्हणजे चुना-सिमेंट काही नाही, नुसते जांभ्याचे दगड एकमेकांच्या खाचेत बसवलेले. त्यांनी डाव्या बाजूचे वरचे दोन थर उतरवले, एकेक दगड हातात घेऊन शेजारी त्याच क्रमाने मांडून ठेवला. मला वाटलं ढकलून देतील, तर नाही. मी, बायको, भाचा खिडकीतून बाहेर पडलो (माझं वय काढू नका). गाडी इंच इंच मागे गेली. आणि मग खरा कार्यक्रम सुरू झाला, कारण आजोबांनी फर्मान काढलं, गडगा होता तसा लावून जायचं.

भाच्याने पहिला दगड ठेवला, आजोबांनी काठीने पाडला. "तोंड भायर." म्हणजे दगडाची सपाट बाजू बाहेर, खडबडीत आत, मधल्या फटीत बारके तुकडे ठोकायचे, आणि वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर आला पाहिजे. पाऊण तास लागला. हात लाल झाले सगळ्यांचे, जांभ्याचा रंग दोन दिवस नखांतून गेला नाही. शेवटी आजोबांनी गडग्यावर बूड टेकून बघितलं, हलला नाही, मग घरातून कोकम सरबत आलं. आरशाचा खर्च सतराशे झाला, तो आमच्याच अकलेच्या खात्यात.

रात्री सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. नंतर जवळच्या जत्रेत दशावतार, भाचा मध्यरात्री झोपला, मी पहाटेपर्यंत बसलो.

टीप, आणि ही एकच वाचली तरी चालेल: पत्त्याच्या शेवटच्या शब्दाकडे बघा. नाका, तिठा, बाजार असेल तर गाडी न्या. आळी असेल तर छोटी गाडी न्या आणि समोरून कोणी येत नाही ना ते बघा. पाखाडी असेल तर उतरून विचारा. पाणंद, घाटी (चढणीची पायवाट) असेल तर गाडी जिथे आहात तिथेच लावा. आणि काठीवाले आजोबा काही सांगत असतील तर ऐका.

दिवस ६: सावंतवाडी

मालवणात देऊळवाडा, धुरीवाडा, मेढा, भरड असं सगळं पायीच फिरलो, गाडीला हात लावायची इच्छा नव्हती. दुपारी सावंतवाडी. उभा बाजार. भाच्याने दुकानदाराला विचारलं उभा का? तो म्हणाला बसायला जागा दिसते का तुम्हाला?

मोती तलावाला चक्कर मारून चितार आळीत गेलो. लाकडी खेळण्यांची आळी. आंबे, केळी, फणस, वांगी, सगळी लाकडाची आणि खऱ्यापेक्षा खरी, चूल-बोळकी, भोवरे, पाट. एका दुकानामागे कातारी काम चालू होतं, लाकूड चरकावर फिरतंय, कारागीर लाखेची कांडी त्यावर धरतो आणि घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून रंग चढतो, मग केवड्याचं पान दाबून चकाकी. भाचा तिथेच उकिडवा बसला.

बऱ्याच वेळाने म्हणाला, मामा, मी ऑफिसला जाताना रोज कॉपरगेटवरून जातो. लोकांना वाटतं तिथे तांब्याचं काहीतरी असेल. तांबं नाही, कॉपर म्हणजे कप करणारे. लाकडाचे कप, वाट्या, असेच चरकावर फिरवून करायचे. खोदलं तेव्हा सापडलं सगळं.

म्हणजे चितार आळीच, म्हटलं.

त्याने एक लाल-पिवळा भोवरा आणि लाकडी आंब्यांचा अख्खा सेट घेतला. दुकानदाराने खोक्यावर नाव-पत्ता टाकायला मार्कर दिला तर याने तिकडचा पत्ता आधी इंग्रजीत लिहिला आणि खाली, अक्षर मोजत मोजत, देवनागरीत: कप आळी, यॉर्क. आळीतला आ काढताना काना विसरला, मी हात धरून घालून घेतला.